परोपकाराची फटफटी आणि ‘खरा’ स्वार

सोलापूर : जानेवारी उजाडला की सोलापुरात एकीकडे सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेची आणि गड्ड्याची लगबग सुरू होते, दुसरीकडे रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक चौकाचौकांत झळकू लागतात. समाजकार्यासाठी निघणाऱ्या दुचाकी फेऱ्यांनाही हाच हंगाम मानवतो. हवा थंड असते, ऊन सोसवते आणि शाळा-महाविद्यालये सुरू असल्याने तरुणांचा प्रतिसादही मिळतो. रक्तदान, अवयवदान, कर्करोगाविषयी जागृती, हेल्मेटचा प्रसार, एखाद्या अनाथाश्रमाला मदत अशी निमित्ते अनेक. मात्र फेरी निघण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात मैदानावर एक निराळीच छाननी सुरू असते. कोणाची गाडी किती सीसीची, कोणाचे जॅकेट खरे आणि कोणाचे कालच विकत घेतलेले, कोण लडाखला जाऊन आले आणि कोण कधी पुणे नाक्याच्या पलीकडेही गेलेले नाही, याचा हिशेब नजरेनेच मांडला जातो. शंभर सीसीची गाडी घेऊन आलेला गिरणीतला कामगार किंवा स्कूटर घेऊन आलेली शिक्षिका या हिशेबात बहुधा शेवटच्या रांगेत जाते.

प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटतो. पण ज्या फेरीच्या नावाने लोकांकडून पैसा मागितला जातो आणि जिच्यासाठी शेदोनशे माणसे एकाच वेळी महामार्गावर उतरतात, तिच्यात ‘आपला’ कोण आणि ‘उपरा’ कोण हे कशावरून ठरते, याला महत्त्व आहे. चुकीच्या कसोटीने चांगली माणसे बाहेर राहतात. त्याहून वाईट म्हणजे, नको ती माणसे आत येतात.

गाडीवरून पत ठरण्याचा इतिहास

गाडीवरून स्वाराची पारख करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. सैन्यासाठी आणि पोलिसांसाठी मागविलेली बुलेट पुढे १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागली. साहजिकच तिच्याभोवती फौजदारी रुबाबाचे वलय राहिले. गावात बुलेट म्हणजे पाटील, सावकार, बागायतदार किंवा फौजदार. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून साठच्या दशकात जावा आणि नंतर येझदी बाहेर पडल्या. त्यांचा चाहता वर्ग वेगळा. तो गाडीच्या दोन धुरांड्यांवर आणि आवाजावर जीव टाकणारा. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी ती माया आटली नाही. जुलै महिन्यातील दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचे चाहते आजही आपापल्या शहरात जुन्या गाड्या बाहेर काढतात.

या दोन प्रतिष्ठित घराण्यांच्या बाजूला सामान्यांची एक मोठी वंशावळ आहे आणि तिचे मूळ सोलापूरच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. कायनेटिकची लुना १९७२ मध्ये आली ती अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या कारखान्यातून. पायडल मारून सुरू होणाऱ्या या गाडीने शिक्षक, कारकून, विक्रेते, नोकरदार स्त्रिया यांना पहिल्यांदा स्वत:चे यांत्रिक वाहन दिले. पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि एका लिटरमध्ये किती किलोमीटर हा मध्यमवर्गाचा परवलीचा प्रश्न झाला. सोलापूरसारख्या यंत्रमागाच्या आणि विडी उद्योगाच्या शहरात मोटारसायकल ही आधी रोजीरोटीची वस्तू होती. चादरींचे गठ्ठे, दुधाच्या किटल्या आणि दोन मुले यांच्यासह ती चालत असे. हौस नंतर आली.

ती आली तेव्हा झपाट्याने आली. बजाजची पल्सर २००१ मध्ये आणि रॉयल एन्फील्डची क्लासिक २००९ मध्ये बाजारात उतरली. चाकणमध्ये बनलेली केटीएम ड्यूक २०१२ मध्ये आली, तर जावाचे पुनरागमन २०१८ मध्ये झाले. ट्रायम्फसारखे ब्रिटिश नावही २०२३ पासून बजाजच्या चाकण कारखान्यातून बाहेर पडू लागले. मासिक हप्त्यांच्या सोयीमुळे कालपर्यंत स्वप्न असलेली गाडी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दारात उभी राहू लागली. परिणामी गाडीवरून माणूस ओळखण्याची जुनी खूण निकामी झाली. एकेकाळी बुलेटवाला म्हणजे किमान गाडीची नाडी ओळखणारा, हे गृहीत धरता येत असे. आज गाडीवरून फार तर हप्ता किती असेल एवढेच समजते. खूण निकामी झाली, पण छाननी थांबली नाही. ती गाडीवरून जॅकेटवर, जॅकेटवरून पाठीवरच्या बिल्ल्यावर आणि बिल्ल्यावरून प्रवासाच्या छायाचित्रांवर सरकली.

बिल्ला कोठून आला?

पाठीवर गटाचे चिन्ह शिवण्याची पद्धत अमेरिकेतून आली आणि तिच्यामागे एक गोंधळाची कथा आहे. कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या छोट्या गावात जुलै १९४७ मध्ये मोटारसायकलस्वारांचा मेळावा भरला होता. दारू, शर्यती आणि हुल्लड यांच्या बातम्या देशभर गाजल्या. त्यावरूनच १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट आला आणि चामडी जॅकेटातला बंडखोर जगाच्या डोळ्यांत कायमचा बसला. नव्व्याण्णव टक्के स्वार कायदा पाळणारे आहेत, असे विधान तेव्हा अमेरिकन मोटारसायकल संघटनेने केल्याचे सांगतात. प्रत्यक्षात असे विधान केल्याची नोंद आपल्याकडे नाही, असे त्या संघटनेनेच पुढे म्हटले. तरीही कायद्याबाहेरच्या टोळ्यांनी ते उचलले आणि आपण उरलेले ‘एक टक्का’ असल्याचा बिल्ला अभिमानाने मिरवायला सुरुवात केली. न केलेल्या विधानावर उभी राहिलेली ही बहुधा जगातील सर्वांत टिकाऊ पदवी असावी.

या टोळ्यांत कोण खरा आणि कोण तोतया याचे नियम कडक असतात. उमेदवारी करावी लागते, बिल्ल्याचे तुकडे टप्प्याटप्प्याने मिळतात, दुसऱ्याचा बिल्ला लावणे हा अक्षम्य गुन्हा ठरतो. महागडी हार्ले घेऊन केवळ रविवारी बाहेर पडणाऱ्या डॉक्टर-वकिलांना जुने स्वार ‘श्रीमंत शहरी बायकर’ म्हणून हिणवू लागले, तेही याच मनोवृत्तीतून.

याच अमेरिकेत दुसरी परंपराही रुजली. नाताळच्या आधी मोटारसायकलींवर खेळणी बांधून गरीब मुलांसाठी नेणाऱ्या ‘टॉय रन’ सुरू झाल्या. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९८० पासून स्नायूंच्या दुर्धर आजारावर काम करणाऱ्या संस्थेशी नाते जोडले. परोपकाराच्या या फेऱ्यांचे एक छुपे कार्य होते. मोटारसायकलस्वार म्हणजे गुंड ही प्रतिमा पुसणे. त्यामुळे दान आणि दिखावा यांचे नाते प्रारंभापासूनच गुंतागुंतीचे आहे. टोळ्यांचा बिल्ला आणि टोळ्यांची बदनामी धुणारी फेरी, या दोन्ही गोष्टी भारतात जवळपास एकदमच आयात झाल्या. येथे टोळ्या नव्हत्या. राहिला तो नुसता बिल्ला आणि त्यावरून होणारी पारख.

कोट-टायचा नियम आणि पैशाचा मार्ग

पारख उघडपणे करणारा आणि तरीही जगभर यशस्वी ठरलेला एक उपक्रम येथे तपासण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या मार्क हावा यांनी २०१२ मध्ये ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ सुरू केली. ‘मॅड मेन’ या अमेरिकी मालिकेतील डॉन ड्रेपर हे पात्र सूट घालून जुन्या मोटारसायकलवर बसल्याचे एक छायाचित्र ही तिची प्रेरणा. पहिल्याच वर्षी जगातील ६४ शहरांत फेऱ्या निघाल्या. पुरुषांमधील प्रोस्टेटचा कर्करोग आणि मानसिक आरोग्य यांसाठी निधी उभारणे हा तिचा हेतू. पुणे-मुंबईसारख्या शहरांतील स्वारही तिच्यात भाग घेत आले आहेत. पूर्वी सप्टेंबरमध्ये निघणारी ही फेरी २०२१ पासून मे महिन्यात निघते. सोलापूरच्या मे महिन्यातील उन्हात कोट, बंडी आणि टाय चढवून दुचाकीवर बसणे हा परोपकार की प्रायश्चित्त, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या फेरीत सरसकट कोणतीही गाडी अपेक्षित नाही. जुन्या घाटाच्या, कॅफे रेसर, स्क्रॅम्बलर, साइडकार अशा ठरावीक ढंगाच्याच गाड्या असाव्यात, वेश नीटनेटका असावा, असे संयोजकांचे सांगणे असते. म्हणजे येथे गाडीवरून पारख होतेच. मग आक्षेप कशाला?

उत्तर पैशाच्या मार्गात आहे. या उपक्रमात प्रत्येक स्वार स्वतंत्र नोंदणी करतो, त्याच्या नावाने देणगीचे खाते उघडते आणि आपल्या नातलगांकडून, मित्रांकडून, कचेरीतल्या सहकाऱ्यांकडून तो त्यात देणग्या मिळवितो. रक्कम स्थानिक संयोजकाच्या हातात पडत नाही. ती थेट निधी वापरणाऱ्या मोव्हेंबर या संस्थेच्या व्यवस्थेकडे जाते. कोणी किती जमविले हे सर्वांना दिसते. वेश आणि गाडी हा सोहळ्याचा भाग झाला. तो वगळला तरी दानाचा हिशेब जागेवर राहतो. आपल्याकडील अनेक फेऱ्यांमध्ये सोहळ्याचाच भाग तेवढा उचलला जातो. गाडीचे बंधन येते, टी-शर्टाचे बंधन येते, छायाचित्रकार येतो. जमाखर्च मात्र येत नाही.

पेट्रोलचे गणित

हे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. सोलापूरहून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. जाऊन-येऊन ९० धरावेत. शंभर सीसीच्या गाडीला यासाठी दीड-दोन लिटर पेट्रोल लागेल, बुलेटसारख्या गाडीला अडीच-तीन लिटर. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरले तरी शंभर गाड्यांच्या फेरीत वीस ते तीस हजार रुपये नुसते जळतात. त्यात टी-शर्ट, नाश्ता, फलक, ध्वनिक्षेपक आणि सत्काराच्या शाली मिळविल्या की आकडा सहज दुप्पट होतो. फेरीच्या शेवटी आश्रमाला बिस्किटांचे पुडे आणि दहा हजारांचा धनादेश दिला गेला, तर त्या आश्रमाच्या वाट्याला फेरीच्या खर्चाचा एक लहानसा तुकडाच आला, हे उघड आहे. एवढे पैसे गाड्या जागच्या जागी ठेवून थेट दिले असते तर, असा प्रश्न कोणी विचारला तर तो खवचट ठरत नाही.

यावर संयोजकांचे उत्तर असते की फेरीचा हेतू जागृतीचा आहे. ते काही अंशी बरोबरही आहे. निधीची फेरी आणि जागृतीची फेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची कसोटी जमाखर्च, दुसरीची कसोटी वर्तन. पण मग जागृतीच्या फेरीने आपल्या वर्तनाची झडती द्यायला हवी आणि तेथेच खरी पंचाईत होते.

हेल्मेटच्या फेरीत मागे बसलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट नसणे हे दृश्य दुर्मीळ नाही. वस्तुत: मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालकाइतकेच मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. १ जून २०२१ पासून देशात भारतीय मानक चिन्ह असलेलीच दुचाकीची हेल्मेटे बनविण्यास व विकण्यास परवानगी आहे. रस्त्याकडेला मिळणारी टोपीसारखी हेल्मेटे त्यात बसत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरील होती आणि हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९ होती. त्यांपैकी १४ हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते. ज्या फेरीत मागच्या सीटवरचे डोके उघडे आहे, तिने कोणती जागृती केली?

सायलेन्सरचेही तसेच. मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसविणे हा नियमभंग आहे. अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. रुग्णालयासाठी निधी जमवायला निघालेली फेरी रुग्णालयाच्या दारावरून कानठळ्या बसवीत जाते, तेव्हा आतल्या रुग्णाला तिच्या हेतूची चिठ्ठी कोणी दिलेली नसते.

रांगेचा शेवट

अनुभवी गटांत स्वाराची ओळख मैदानावर होत नाही. ती रस्त्यावर होते. फेरीच्या पुढे एक जण असतो, त्याला ‘लीड’ म्हणतात. सर्वांत मागे असतो तो ‘स्वीप’. मध्ये काही ‘मार्शल’. लीडचे काम वेग ठरविणे आणि तो सर्वांत हळू चालणाऱ्याला झेपेल असा ठेवणे. शंभर सीसीची गाडी सोबत असेल तर फेरीचा वेग तिच्याच मर्यादेत राहतो. गाड्या एकामागे एक न चालविता किंचित तिरक्या, नागमोडी मांडणीत चालवायच्या, पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे, म्हणजे अचानक ब्रेक लागला तर माणसावर माणूस आदळत नाही. खड्डा, वळण, थांबा यांच्या खुणा हाताने मागे पोचवायच्या.

यांत सर्वांत कमी मानाचे आणि सर्वांत मोलाचे काम स्वीपचे. ज्याची गाडी पंक्चर झाली, ज्याची साखळी निसटली, ज्याला उन्हाने भोवळ आली, त्याच्याजवळ थांबायचे आणि त्याला घेऊनच पोचायचे. छायाचित्रे पुढे निघतात. स्वीप पोचतो तेव्हा सत्कार संपलेला असतो, कधी कधी नाश्ताही. जुने-जाणते स्वार अनोळखी माणसाविषयी मत बनविताना तो मागे थांबायला तयार आहे का, हे पाहतात ते याच कारणाने. लडाखची छायाचित्रे पाहून हे कळत नाही.

उलट, मोहोळकडे जाताना मोकळा महामार्ग दिसताच रांग मोडून सुसाट सुटणारा स्वार कितीही उंची जॅकेटात असला तरी तो फेरीचा नव्हे, स्वत:चा असतो. रस्त्यावरील शर्यतीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार शिक्षा आहे आणि वेगाच्या स्पर्धेत झालेल्या नुकसानीला सर्वसाधारण विम्याचे संरक्षण मिळत नाही. परोपकाराच्या फेरीचे शर्यतीत रूपांतर झाले, तर भुर्दंड त्या एकट्याला पडत नाही. संयोजकांना आणि पुढच्या वर्षी परवानगी देणाऱ्या पोलिसांनाही त्याचा जाब द्यावा लागतो.

सोलापूरकरांना ही मागे-पुढे चालण्याची शिस्त परकी वाटू नये. आषाढीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीजवळ जिल्ह्यात प्रवेश करते तेव्हा तिच्यासोबतच्या दिंड्यांना रथापुढे आणि रथामागे असे ठरलेले क्रमांक असतात. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात आणि चोपदार तेथे जाऊन ती ऐकून घेतो. तेथेही ‘खरा वारकरी कोण’ हा वाद आहेच. गळ्यात माळ असलेला, पिढ्यान्‌पिढ्या वारी करणारा एकीकडे आणि एका टप्प्यापुरता चालायला आलेला, हातात कॅमेरा घेतलेला शहरी पाहुणा दुसरीकडे. पण वारीने या पाहुण्याला हाकलले नाही. त्याने क्रम मोडू नये, दिंडीत घुसू नये, एवढीच अपेक्षा ठेवली. दुचाकी फेऱ्यांच्या संयोजकांना परदेशी क्लबांचे नियम पाठ असतात. आपल्याच जिल्ह्यातून दरवर्षी जाणाऱ्या या व्यवस्थेकडे मात्र त्यांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

स्त्रिया आणि स्कूटर

कसोटी चुकली की सर्वांत आधी स्त्रिया बाहेर पडतात. मोटारसायकलच्या जगात हे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी मोटारसायकलवरून निरोप पोचविणाऱ्या बेसी स्ट्रिंगफिल्ड या कृष्णवर्णीय स्त्रीने देशभर एकटीने प्रवास केले. वर्णामुळे तिला वाटेत अनेकदा मुक्कामालाही जागा मिळत नसे. अमेरिकन मोटारसायकल संघटनेने तिला आपल्या मानकऱ्यांच्या दालनात स्थान दिले ते २००२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी.

महाराष्ट्रात हे अडसर तुलनेने लवकर ढासळू लागले. पुण्यात २०११ मध्ये दोन तरुणींनी ‘द बायकर्नी’ हा केवळ स्त्रियांचा गट स्थापन केला आणि तो देशभर पसरला. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी, नथ आणि फेटा अशा वेशात बुलेट चालविणाऱ्या स्त्रिया हे आता गिरगाव, ठाणे, डोंबिवलीचे ओळखीचे चित्र आहे. मात्र येथेही एक खोच आहे. बुलेटवर बसलेली स्त्री कौतुकाचा विषय होते. रोज स्कूटरवरून तीस किलोमीटर ये-जा करणारी स्त्री ‘स्वार’ म्हणून मोजली जात नाही. वास्तविक गर्दीच्या रस्त्यावर, पावसात, मुलाला मागे बसवून वर्षानुवर्षे गाडी चालविणारीचा अनुभव सणासुदीला गाडी बाहेर काढणाऱ्यापेक्षा कमी कसा? देणगी मिळविण्याच्या कामात तर तिची ओळख शाळेत, भिशीत, गल्लीत पसरलेली असते. फेरीला गाडीच्या सीसीची अट घालणारा संयोजक नकळत आपल्या निधीवरच अट घालीत असतो.

उपरे कोण?

मग ज्यांना दूर ठेवावे असे कोणीच नाही का? आहेत. पेट्रोल भरून देऊन जमविलेली गर्दी हा आपल्याकडील निवडणुकांचा जुना खेळ आहे. निवडणूक आयोगाने २०२१ मधील विधानसभा निवडणुकांच्या वेळी मतदानाच्या आधीच्या ७२ तासांत दुचाकी फेऱ्यांना मनाई केली होती; अशा फेऱ्यांचा वापर मतदारांना धाक दाखविण्यासाठी होतो, हे त्यामागचे कारण. तीच सवयीची गर्दी, तेच झेंडे आणि तोच वाढदिवसाच्या फलकावरचा चेहरा जेव्हा ‘सामाजिक उपक्रम’ म्हणून परततो, तेव्हा प्रामाणिक स्वारांचा रोष समजण्यासारखा असतो. गाडी, जॅकेट यांवरून होणारी पारख ही पुष्कळदा या रोषाचीच वाकडी अभिव्यक्ती असते. आपल्या नावावर दुसरे कोणी तरी मिरवते आहे, ही ती जखम. फक्त तिचा फटका नेत्याच्या चेल्याला बसत नाही, कारण त्याच्याकडे गाडी आणि जॅकेट दोन्ही उत्तम असते. तो शंभर सीसीवाल्याला बसतो.

आणि ज्याने दुचाकीचा परोपकाराशी असलेला संबंध देशाला दाखविला, तो कोणत्याही कसोटीला उतरला नसता. पश्चिम बंगालमधील जलपाईगुडी जिल्ह्यातील चहामळ्याचे कामगार करीमुल हक यांच्या आईला १९९५ मध्ये रुग्णवाहिका मिळाली नाही आणि तिचा मृत्यू झाला. पुढे त्यांनी आपल्या मोटारसायकलवरून आजारी माणसांना रुग्णालयात विनामूल्य पोचवायला सुरुवात केली. आसपासच्या गावांतील हजारो रुग्ण त्यांच्या पाठीमागे बसून गेले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. योगायोगाने त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मुंबईत १०८ सेवेअंतर्गत मोटारसायकल रुग्णवाहिका सुरू केल्या. गर्दीतून वाट काढण्याची त्यांची क्षमता पाहून त्या पुढे आषाढी वारीतही वापरल्या गेल्या.

या उदाहरणावरून सोलापूरच्या गटांना एक जवळचे काम सुचू शकते. पुणे, हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर, मंगळवेढा अशा चहूबाजूंनी महामार्ग या शहरात येऊन मिळतात आणि त्यांवरील अपघातस्थळी सर्वांत आधी पोचणारा बहुधा दुचाकीस्वारच असतो. जखमीला मदत केली तर पोलिसी ससेमिरा मागे लागेल, या भीतीला आता कायद्यात आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ (अ) आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रक्तस्राव कसा थांबवावा, हेल्मेट कसे काढावे आणि केव्हा काढू नये, मानेला धक्का न लावता माणूस कसा हलवावा, याचे दिवसभराचे शिक्षण शंभर स्वारांना मिळाले, तर त्यासाठी फेरी निघालीच पाहिजे असेही नाही.

वर्गणीचा कायदा

लोकांकडून पैसे जमवायचेच असतील, तर त्याची वाट राज्यात आखून दिलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ (क) नुसार नोंदणीकृत न्यास नसलेल्या कोणालाही धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी, देणगी गोळा करावयाची असल्यास धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि जमाखर्च सादर करावा लागतो. गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते या कलमाला सरावलेले आहेत. पुढच्या वर्षीची परवानगी मागताना आदल्या वर्षीचा हिशेब त्यांना दाखवावा लागतो. मित्रमंडळींच्या गटात क्यूआर कोड फिरवून एखाद्याच्या व्यक्तिगत खात्यात रक्कम जमा करणे या चौकटीत बसत नाही, मग त्यामागचा हेतू कितीही शुद्ध असो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्या संस्थेसाठी फेरी आहे तिच्याच नोंदणीकृत खात्यात देणगीदाराने परस्पर रक्कम भरावी आणि पावतीही तिच्याकडूनच घ्यावी. त्यामुळे गटाच्या हातात पैसा येतच नाही. फेरीत सामील होऊ इच्छिणाऱ्याने संयोजकाला विचारावयाच्या गोष्टीही मग थोड्याच उरतात. पैसे कोणाच्या खात्यात जाणार, गेल्या फेरीचा जमाखर्च कोठे पाहावयास मिळेल, पोलिसांची परवानगी आहे का, आणि रांगेच्या शेवटी स्वीप म्हणून कोण चालणार आहे. वर्गणीच्या परवानगीचा अर्ज गणेश मंडळांप्रमाणे धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरून करता येतो. त्यासाठी गाडी किती सीसीची आहे, हे कोठेही लिहावे लागत नाही.